ग्रुप पाच म्हणजे सगळ्यात भारी? बेस ऑइलबद्दल थोडं सविस्तर

‘मॅडम, हे तेल कितव्या ग्रुपचं?’ हा प्रश्न अलीकडे फार ऐकू येतो. कारखान्याच्या खरेदी विभागातली माणसं विचारतात, गॅरेजवाले विचारतात, आणि उत्तर मिळालं की मनात भावही ठरवून टाकतात. एक म्हणजे साधं, दोन म्हणजे बरं, तीन म्हणजे चांगलं, चार म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे तर बघायलाच नको. मी तळोज्याला एका वंगणतेलाच्या ब्लेंडिंग प्लांटच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करते. या पाचही ग्रुपांचे नमुने माझ्या हातून जातात. अशी शिडी कुठे नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. ग्रुपचा आकडा तेल कुठल्या जातीचं आहे एवढंच सांगतो. तुमच्या मशीनला ते मानवेल का, हे मशीन काय काम करतं त्यावर ठरतं.

आधी बेस ऑइल म्हणजे काय ते बघू. डब्यातलं तयार तेल म्हणजे बेस ऑइल अधिक ॲडिटिव्ह. इंजिन ऑइलमध्ये साधारण ७५ ते ९० टक्के बेस ऑइल असतं, बाकी डिटर्जंट, झीज रोखणारी रसायनं, पॉलिमर वगैरे. प्रेसमध्ये किंवा जेसीबीत पडणाऱ्या हायड्रॉलिक तेलात तर ९९ टक्क्यांच्या आसपास बेस ऑइलच असतं. जाहिरात मात्र नेहमी उरलेल्या एका टक्क्याची होते.

आता हे येतं कुठून? आपल्याकडच्यांनी फार लांब जायला नको. चेंबूरवरून जाताना माहुलच्या रिफायनऱ्या दिसतात, तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. एस्सो ही अमेरिकन तेल कंपनी आणि भारत सरकार यांच्या भागीदारीतली ल्यूब इंडिया ही कंपनी तिथे १९६९ मध्ये सुरू झाली. पुढे १९७४ मध्ये एस्सो आणि ल्यूब इंडिया मिळून हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. या जुन्या पद्धतीनं जे तेल बनतं ते ग्रुप एक.

कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल निघून गेल्यावर तळाला जो जड माल उरतो तो निर्वात टॉवरमध्ये पुन्हा उकळतात. निर्वात अशासाठी की हवेच्या नेहमीच्या दाबाखाली उकळायला गेलं तर तेल उकळण्याआधी तुटून त्याचा कोक, म्हणजे कोळसा होईल. निरनिराळ्या जाडीचे थर बाजूला काढले की ते फरफ्युरल किंवा एनएमपीसारख्या सॉल्व्हंटनं धुतात. सॉल्व्हंट आपल्याबरोबर ॲरोमॅटिक भाग, म्हणजे कडीच्या आकाराचे रेणू, घेऊन जातो. उरलेलं तेल एमईके आणि टोल्युइन ही दुसरी सॉल्व्हंट घालून गारठवतात, मेण गोठतं आणि गाळून निघतं. शेवटी हायड्रोजनचा हलका हात फिरवून रंग सुधारतात. यातलं काही वाया जात नाही. गाळलेलं मेण मेणबत्तीवाल्यांकडे जातं आणि ॲरोमॅटिक अर्क रबराच्या कारखान्यात.

या पद्धतीत नको ते रेणू बाहेर काढले जातात, पण सगळे निघत नाहीत. थोडं गंधक राहतं, थोडे ॲरोमॅटिक राहतात. म्हणून ग्रुप एकच्या तेलाला मधासारखा पिवळसर रंग आणि स्वतःचा असा वास असतो. नमुन्याची बाटली उघडली की लेबल न वाचताही कळतं.

बाजारात या तेलांना एसएन (सॉल्व्हंट न्यूट्रल) १५०, एसएन ५००, ब्राइट स्टॉक (यातलं सगळ्यात जाड तेल) १५० अशी नावं आहेत. इथे एक गोम आहे आणि नवीन खरेदी अधिकारी हमखास गोंधळतात. हा आकडा सेबोल्ट सेकंदांचा आहे. ठरावीक छिद्रातून ६० मिलिलिटर तेल वाहून जायला किती सेकंद लागले, तो आकडा. पण एसएनसाठी हे तेल १०० अंश फॅरेनहाइटला मोजायचं आणि ब्राइट स्टॉकसाठी २१० अंश फॅरेनहाइटला. म्हणजे एसएन १५० आणि ब्राइट स्टॉक १५० यांचे आकडे एक, पण जाडीत जमीनअस्मानाचा फरक. ४० अंश सेल्सिअसला पहिलं साधारण ३० सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), दुसरं साडेचारशेच्या पुढे. नावात १५० बघून कुणी एकाच्या जागी दुसरं मागवलं, तर टँकर गेटवरूनच परत जातो.

ग्रुप ठरवायची फूटपट्टी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची आहे आणि ती तीन आकड्यांवर चालते. सॅच्युरेट्स म्हणजे हायड्रोजननं पूर्ण भरलेले, स्थिर रेणू किती टक्के, गंधक किती, आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स किती. सॅच्युरेट्स ९० टक्क्यांच्या खाली किंवा गंधक ०.०३ टक्क्यांच्या वर असेल, आणि इंडेक्स ८० ते १२० च्या आत, तर ग्रुप एक. सॅच्युरेट्स ९० किंवा जास्त, गंधक ०.०३ किंवा कमी, इंडेक्स तोच ८० ते १२०, तर ग्रुप दोन. बाकी सगळं दोनसारखंच, पण इंडेक्स १२० किंवा वर गेला तर ग्रुप तीन. चारमध्ये फक्त पॉलिअल्फाओलेफिन, ज्याला आम्ही पीएओ म्हणतो. आणि या चारांत जे बसत नाही ते सगळं पाचमध्ये.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पाच हा ‘इतर’चा कप्पा आहे. त्याबद्दल पुढे येतेच.

व्हिस्कॉसिटी इंडेक्सवर थोडं थांबते, कारण पूर्ण भांडणाचं मूळ तिथे आहे. कुठलंही तेल थंडीत घट्ट होतं आणि तापलं की पातळ, घरातल्या काकवीसारखं. हा फरक जितका कमी, तितका इंडेक्स मोठा. डीन आणि डेव्हिस या दोघांनी १९२९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. त्या काळी माहीत असलेल्या तेलांत पेनसिल्व्हेनियाचं तेल सगळ्यात स्थिर, त्याला त्यांनी १०० दिले. मेक्सिकोच्या आखाताकडचं तेल सगळ्यात चंचल, त्याला शून्य. आज चांगलं ग्रुप तीनचं तेल या शंभराच्या कितीतरी पुढे असतं. आम्ही अजून तीच पट्टी वापरतो.

लॅबमध्ये हे मोजताना घाई चालत नाही. काचेची यू आकाराची बारीक नळी तेलाच्या बाथमध्ये उभी करायची, तापमान अंशाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत स्थिर व्हायची वाट बघायची, मग तेल वर ओढून सोडायचं. वरच्या खुणेला तेलाची कड आली की स्टॉपवॉच सुरू, खालच्या खुणेला बंद. एकदा ४० अंशाला, एकदा १०० अंशाला. नळीत केसाएवढा धागा अडकला असला तरी वेळ बदलते. स्वयंचलित मशीन आलं आहे, तरी वादाचा नमुना असला की मी हातानंच करते.

ग्रुप दोन आणि तीनमध्ये गोष्ट बदलते. इथे नको ते रेणू बाहेर काढत बसत नाहीत, त्यांचं रूपच पालटतात. साडेतीनशे-चारशे अंश तापमान, शंभर बारच्या वर दाब, उत्प्रेरक आणि भरपूर हायड्रोजन. ॲरोमॅटिक कड्या उघडतात किंवा हायड्रोजननं भरतात, गंधक आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातात. मेणाचंही तसंच. पूर्वी ते गाळून बाजूला काढायचे. शेवरॉननं कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला १९९३ मध्ये जी आयसोडीवॅक्सिंगची पद्धत सुरू केली, तिच्यात मेणाच्या सरळ साखळीला फांद्या फोडतात. फांद्या फुटल्या की रेणू एकमेकांना चिकटून गोठत नाहीत, आणि जो माल तेलातून बाहेर जायचा त्याचंच उत्तम तेल होतं. मला ही रसायनशास्त्रातली फार सुंदर गोष्ट वाटते. माहुललाच भारत पेट्रोलियमचा या जातीच्या तेलाचा प्लांट २००६ च्या सुमारास सुरू झाला आणि आमच्याकडे येणारे टँकर बदलले. पहिल्यांदा ते तेल बघणारा प्रत्येक ट्रेनी बाटली उजेडात धरतो, कारण आत पाणीच आहे असं वाटतं. रंग नाही, वास जवळजवळ नाही.

टिकाऊपणात दोन आणि तीन एकच्या पुढे आहेत, यात वाद नाही. चांगला अँटिऑक्सिडंट घातला तर वीजकेंद्राच्या टर्बाइनमध्ये ग्रुप दोनचं तेल ग्रुप एकपेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकतं. पण या शुद्धीकरणात एक गोष्ट हातची जाते. ती कोणती, हे दाखवायला मी नवीन मुलांना नेहमी ॲनिलिन पॉइंटची चाचणी करायला लावते.

ॲनिलिन विषारी आहे, त्यामुळे फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून. एका नळीत तेल आणि ॲनिलिन समसमान घ्यायचं. गार असताना दोन वेगळे थर, ढवळलं तर दुधाळ. हळूहळू तापवत नेलं की एका क्षणी सगळं लख्ख पारदर्शक होतं. मग ढवळत ढवळत गार होऊ द्यायचं आणि थर्मामीटरवरून नजर हलवायची नाही. आता स्वच्छ आहे, आता स्वच्छ आहे, आणि एकदम पूर्ण नळीत धुकं पसरतं. ते तापमान म्हणजे ॲनिलिन पॉइंट. नॅफ्थेनिक (मेण नसलेल्या खनिज) तेलात हे धुकं ८० अंशांच्या आसपास येतं, एसएन ५०० मध्ये १०० च्या थोडं पुढे, आणि ग्रुप तीनमध्ये त्याच्याही बरंच वर. आकडा जितका मोठा तितकी त्या तेलाची इतर पदार्थ विरघळवून घ्यायची ताकद कमी.

ही ताकद काय कामाची? ॲडिटिव्ह तेलात विरघळून राहावे लागतात. तेल जुनं होताना जो चिकट गाळ बनतो, तोही तेलानं अंगात मुरवून घ्यावा लागतो. ग्रुप एकमधले थोडेसे ॲरोमॅटिक, ज्यांना आपण अशुद्धी म्हणून नाक मुरडतो, ते हे काम मुकाट्यानं करतात. टर्बाइनवाल्यांनी ग्रुप दोनकडे उडी घेतली तेव्हा जगभर एक तक्रार वाढली: व्हार्निश. तेलाच्या सगळ्या चाचण्या पास, आणि तरी टर्बाइन नियंत्रित करणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हवर तपकिरी लाखेसारखा थर. तेल शुद्ध होतं, गाळाला सांभाळून घेत नव्हतं. उपाय आहेत, फिल्टर आहेत, सुधारलेले ॲडिटिव्ह आहेत. पण ग्रुप दोन घेतला म्हणजे काळजी मिटली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. तिकडे उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या मिल हाउसमध्ये जाऊन उभं राहा. प्रचंड रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात आणि त्यांच्यावर हायड्रॉलिकनं शेकडो टनांचा दाब दिलेला असतो. साध्या बेअरिंगमध्ये शाफ्ट वेगानं फिरतो म्हणून तेलाचा थर आपोआप तयार होतो. इथे वेगच नाही. त्यात उसाचा रस आणि पाणी सतत बेअरिंगकडे येत असतं. अशा जागी थर टिकवायचा तो तेलाच्या जाडीनंच, आणि ही जाडी द्यायला ब्राइट स्टॉकसारखं दुसरं काही परवडत नाही. ग्रुप तीनचं नेहमी मिळणारं तेल १०० अंशाला आठ सेंटीस्टोकच्या आसपास थांबतं, ब्राइट स्टॉक तिशीच्या पुढे असतो. हेवी पीएओ मिळतं, पण मिलच्या बेअरिंगमधलं तेल एकदा वाहिलं की गेलं, ते परत टाकीत येत नाही. तिथे पीएओ ओतणं म्हणजे सभासदांचे पैसे गटारात सोडणं.

एका कारखान्याच्या चीफ इंजिनिअरना कुणीतरी ‘आता ग्रुप एक जुनं झालं, दोनवर या’ असं सांगितलं होतं. त्यांनी फोन करून विचारलं, ‘ताई, बदलू का?’ मी म्हटलं, ‘साहेब, तुमच्या टर्बाइनचं तेल जरूर बदला. मिलच्या बेअरिंगला हात लावू नका.’ एकाच आवारात, शंभर पावलांच्या अंतरावर, दोन यंत्रांना दोन वेगळ्या जातीचं तेल लागतं. यात खालचं-वरचं काही नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ग्रुप एकच्या रिफायनऱ्या जगात एकेक करून बंद होत आहेत, त्यामुळे ब्राइट स्टॉकची चणचण भासते. जाड तेल लागणाऱ्यांनी याकडे लक्ष ठेवायला हवं.

आता ‘सिंथेटिक’. माझा भाचा दीडशे सीसीची बाइक घेऊन आला आणि म्हणाला, ‘आत्या, फुल सिंथेटिक टाकू का?’ मी त्याला डबा उलटा करून मागचं बारीक वाचायला लावलं. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून तिथे जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए २ लिहिलेलं पाहिजे. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड पाहिजे. या दोन गोष्टी जुळल्या आणि तेल वेळेवर बदललं तर त्याच्या बाइकला साधं तेलही उत्तम. कारसाठी बनवलेलं महागडं तेल, ज्यात घर्षण कमी करायची रसायनं असतात, ते टाकलं तर क्लच घसरायला लागेल.

डब्यावरच्या सिंथेटिक या शब्दाला एक इतिहास आहे. पीएओ हे खरोखर घडवलेलं तेल आहे. इथिलीन वायूपासून दहा कार्बनचा डेसीन बनवायचा, त्याचे तीन-चार रेणू जोडायचे, हायड्रोजननं भरून स्थिर करायचे. सगळे रेणू जवळपास एकाच घडणीचे, मेणाचा अंश नाही. म्हणून पातळ पीएओ उणे ६० अंशांच्या आसपासही ओतता येतं. १९७४ मध्ये मोबिल १ बाजारात आलं आणि लोकांच्या मनात सिंथेटिक म्हणजे हे असं बसलं. पुढे नव्वदच्या दशकात कॅस्ट्रॉलनं आपल्या सिन्टेक तेलात पीएओऐवजी हायड्रोजननं घडवलेलं ग्रुप तीनचं तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलनं अमेरिकेत जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला: रेणूंची रचना इतकी बदलली आहे की याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून जगात बहुतेक ठिकाणी, आपल्याकडेही, फुल सिंथेटिकच्या डब्यात ग्रुप तीन असू शकतं, आणि बहुधा तेच असतं.

यात कुणी फसवतंय असं मी म्हणणार नाही. चांगलं ग्रुप तीन इंजिनात पीएओच्या अगदी जवळ पोचतं. नोॲक चाचणीत तेल २५० अंशाला तासभर तापवून किती टक्के उडून गेलं ते बघतात. चार सेंटीस्टोकचं ग्रुप तीन साधारण १४-१५ टक्के उडतं, त्याच जाडीचं पीएओ १२-१३. त्याच जाडीचं ग्रुप दोन मात्र २५ च्या घरात जातं. हल्लीच्या गाड्यांना जे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असं पातळ तेल लागतं, त्यात उडण्याची मर्यादा १५ टक्के आहे. म्हणूनच ०डब्ल्यू-२० सारखा ग्रेड ग्रुप तीन किंवा पीएओशिवाय उभाच राहत नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर ‘साधं टाका, काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. इथे ग्रुप तीन ही खरी गरज आहे.

पीएओला स्वतःचं घर कुठे आहे ते बघायचं असेल तर साताऱ्याच्या वर चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर जा. पवनचक्कीचा गिअरबॉक्स उंच मनोऱ्याच्या टोकावर असतो. ३२० ग्रेडचं शेकडो लिटर तेल दोरानं किंवा पंपानं वर चढवायचं, जुनं खाली उतरवायचं. वाऱ्याच्या झोताबरोबर भार सारखा बदलतो. तिथे वर्षानुवर्षं टिकणारं पीएओ महाग पडत नाही, स्वस्तच पडतं. मात्र पीएओचाही स्वभाव आहे. ॲडिटिव्ह विरघळवायला ते नाखूश असतं आणि रबरी सील थोडे आक्रसतात. म्हणून त्यात एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून घडवलेलं, ग्रुप पाचमधलं तेल) मिसळतात, कारण एस्टरनं सील फुगतात आणि विरघळवण्याची उणीवही भरून निघते. चार नंबरचं तेल पाच नंबरवाल्याचा हात धरून चालतं.

आणि आता तो पाचवा कप्पा. यात विमानाच्या जेट इंजिनातलं पॉलिओल एस्टर आहे. सिलिकोन आहे. वर्म गिअरमध्ये अप्रतिम चालणारं पॉलिग्लायकॉल आहे, जे खनिज तेलात मिसळत नाही आणि आधीची टाकी नीट धुतली नसेल तर घोटाळा करतं. आपलं एरंडेलही इथेच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेल जळायचं, आणि कॅस्ट्रॉल हे १९०९ मधलं नावसुद्धा कॅस्टर म्हणजे एरंडावरून आलं. आणि याच कप्प्यात नॅफ्थेनिक खनिज तेल आहे. त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स ८० च्या खाली, म्हणजे ग्रुप एकच्या दारातही त्याला प्रवेश नाही. शिडीच मानायची तर सगळ्यात खालचं तेल सगळ्यात वरच्या पायरीवर बसलं आहे. तरीही तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला हेच तेल फार मानवतं, कारण त्यात मेण नसतं, थंडीत ते वाहत राहतं आणि गाळ विरघळवून ठेवतं. ट्रान्सफॉर्मरचं तापमान इंजिनासारखं वरखाली होत नाही, तिथे इंडेक्स हवाय कुणाला?

‘पाच म्हणजे भारी’ या समजुतीनं किती नुकसान होऊ शकतं, त्याचं एक उदाहरण तासगावकडचं. बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज, अमोनियाचा कॉम्प्रेसर. मालकांना कुणीतरी रेफ्रिजरेशनसाठी ‘ग्रुप पाचचं एस्टर’ दाखवलं होतं. किंमत जबरदस्त, म्हणजे चांगलंच असणार, असा हिशोब. माझ्या भावाच्या ओळखीचे म्हणून त्यांनी बॅरल फोडण्याआधी मला विचारलं. घरातल्या ज्या फ्रिजमध्ये आर-१३४ए गॅस असतो, तिथे पॉलिओल एस्टरच लागतं, कारण तो गॅस खनिज तेलात मिसळत नाही आणि तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. पण अमोनियाशी एस्टरचं वैर आहे. अमोनिया आणि सोबतचं पाणी एस्टरला फोडतं, गाळ होतो, फिल्टर आणि व्हॉल्व्ह भरून जातात. ऐन हंगामात कॉम्प्रेसर बंद म्हणजे खोल्यांमधला शेतकऱ्यांचा सगळा माल धोक्यात. त्यांना नॅफ्थेनिक किंवा चांगलं हायड्रोट्रीट केलेलं ६८ ग्रेडचं खनिज तेल पुरतं, किंमत त्या एस्टरच्या मानानं किरकोळ. ते बॅरल त्यांनी परत केलं.

डब्यात खरोखर काय आहे ते कळायचा एक मार्ग आहे आणि तो फुकट आहे. विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट मागा. तिच्या तिसऱ्या विभागात घटकांचे कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेले ओळख क्रमांक असतात. ६८०३७-०१-४ दिसला तर ते पीएओ. ६४७४२-६२-७ दिसला तर ब्राइट स्टॉकच्या जातीचं. ६४७४२-५४-७ म्हणजे हायड्रोजन लावलेलं पॅराफिनिक खनिज तेल, मात्र ग्रुप दोन की तीन हे त्यावरून नक्की होत नाही. सगळेच क्रमांक लिहितात असं नाही, पण विचारलं की विक्रेताही जपून बोलतो. तयार मल्टिग्रेड तेलाचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स बघून बेस ऑइल ओळखायला मात्र जाऊ नका. तिथला मोठा आकडा पॉलिमर घालूनही आणता येतो, आणि बाइकच्या गिअरमध्ये तो पॉलिमर तुटला की आकडा खाली येतो.

शेवटचं, पुनर्शुद्ध तेलाबद्दल, कारण यावर लोक सगळ्यात जास्त बिचकतात. पूर्वी जळकं तेल सल्फ्युरिक ॲसिड आणि मातीनं साफ करायचे. त्यातून ॲसिडचा घाणेरडा गाळ निघायचा, तो कुठेही ओतला जायचा. ती पद्धत आता नियमांनी बंद आहे. निर्वात ऊर्ध्वपातन आणि वर हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं पुनर्शुद्ध तेल ही वेगळी गोष्ट आहे. बेस ऑइलचा रेणू इंजिनात फारसा झिजत नाही, मळतात आणि संपतात ते ॲडिटिव्ह. नीट प्रक्रिया केली तर त्यातून ग्रुप दोनच्या तोडीचं तेल निघतं. एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे तेल उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारीही आली आहे. असा टँकर आला की मी फ्लॅश पॉइंट, आम्लांक, नोॲक आणि धातूंचे अंश नेहमीपेक्षा बारकाईनं बघते. सिलिकॉन किंवा जस्त उरलं असेल तर प्रक्रिया अर्धवट झाली, टँकर परत. सगळं बसलं तर त्याला मी पुनर्शुद्ध म्हणून कमी मार्क देत नाही.

पण त्यासाठी जळकं तेल रिफायनरीपर्यंत पोचायला हवं. सेंट्रिंगच्या प्लेटांना, वाळवीसाठी दारं-खिडक्यांना, बॉयलरमध्ये जाळायला, असं ते गावोगाव संपतं. गॅरेजमध्ये तेल बदलायला गेलात तर जुनं कुणाला देता, एवढं जरूर विचारा. नोंदणी असलेल्या पुनर्शुद्धीकरणवाल्याला देत असेल तर त्याच्याकडे उचल केल्याची पावती असते.